कंसातलं वाचायचं नाही

माझ्या सासऱ्यांचा गावातला मान एका लाकडी स्टुलावर होता. उमेळ्यात चैत्रातल्या जत्रेला गावची मंडळी दरवर्षी नाटक करतात. त्या नाटकात डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, हे स्टूल ठेवलेलं असतं आणि त्यावर बसून बाबा प्रॉम्प्टिंग करतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, काम मिळालं नाही म्हणून बिचाऱ्यांना तिथे बसवत असतील. तसं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बरेच दिवस मी नाटकाचा विषय काढला नाही.

हळूहळू कळलं. नायक बदलतात, नायिका बदलतात, एकदा तर खलनायक आयत्या वेळी परदेशी नोकरीला निघून गेला, पण स्टुलावर बाबाच. ते आहेत म्हणून लोक कच्च्या पाठांतरावर बिनधास्त स्टेजवर जातात. ओळ काय कोणीही सांगेल, असं बाबांचं म्हणणं. खरी मेख वेगळीच. नट गप्प झाला की तो थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं. थांबलेल्याला ओळ सांगितली तर त्याचा प्रसंग मेला, आणि विसरलेल्याला नाही सांगितली तर तो स्वतःच मेला.

"पण ओळखायचं कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"श्वासावरून. विसरलेला मानूस श्वास घेत नाय. थांबलेला घेतो."

मी चंदनसारची. विरार पूर्वेला आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा समोर शेतं होती, आता समोरच्यांचा टीव्ही आमच्या हॉलमधून दिसतो. वडील साताऱ्याकडून मुंबईला नोकरीसाठी आलेले, घरात शुद्ध बोलायची शिस्त. त्यामुळे सासरचं ‘पानी’, ‘कोन’, ‘म्हनून’ कानाला सवयीचं व्हायला वेळ लागला. आता मात्र माहेरी गेले की तिकडचं मराठीच मला जरा इस्त्री केलेलं वाटतं.

माझं काम वेबसाइटची पानं बांधण्याचं. "म्हणजे रंगरंगोटी ना?" असं नातेवाईक विचारतात आणि मी दात ओठ खाऊन हो म्हणते. खरं तर मी सांगाडा बांधते. आमच्या धंद्यात मानकं आहेत, जगभरच्या लोकांनी भांडून भांडून ठरवलेली. त्यांचं सार अगदी साधं आहे: शीर्षकाला शीर्षक म्हणा, यादीला यादी म्हणा, बटनाला बटन म्हणा. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणून साधा मजकूर शीर्षक होत नाही. पण ऐकतो कोण? एक रिकामा चौकोन घेतात, त्याला रंग फासतात, कोपरे गोल करतात आणि बटन म्हणून उभं करतात. डोळ्यांना ते बटन दिसतं, आतून मात्र नुसता चौकोन. असं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. ऑफिसात माझ्या नावाने त्यावर विनोद चालतात आणि ते सगळे मला माहीत आहेत.

सकाळी चहाबरोबर सासूबाई पंचांग बघतात आणि मी ब्राउझरच्या बातम्या. कुठल्या नव्या सोयीला सगळे ब्राउझर तयार झाले, कुठली अजून अडली आहे, हे वाचल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पानावर उघडणारी छोटी खिडकी बांधायला पूर्वी ढीगभर कोड लिहावा लागायचा, आता एका शब्दात ती येते. एका सकाळी मी अशीच ओरडले, कारण वर्षानुवर्षं रडत होतो ती गोष्ट अखेर सगळीकडे चालायला लागली होती. आईंनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "आई, आता पानावर मुलावरून आईला ओळखता येतं! अमुक मूल ज्या घरात आहे ते घर रंगव, असं सांगता येतं."

"आमच्या गावात पयल्यापासून तसंच ओळखतात," आई म्हणाल्या आणि कप विसळायला निघून गेल्या.

बाबांच्या डोळ्यांचं त्याच सुमारास सुरू झालं. पडद्याचा आजार. मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं राहतं. "तुझा चेहरा दिसत नाय, कानातलं दिसतं," असं ते हसत सांगायचे. वाडीत त्यांचं काही अडत नव्हतं, केळीच्या बुंध्याला हात लावून ते कुठली वेल कुठे चढली आहे ते सांगायचे. पण अक्षरं गेली. आधी वर्तमानपत्रातली गेली, मग औषधाच्या बाटलीवरची, मग देवळाच्या फळ्यावरची मोठी सुद्धा. वर्षभर हे चाललं होतं आणि जत्रा जवळ येत होती.

मग एका संध्याकाळी काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले आणि नाटकाचे दिग्दर्शक. यंदाचं नाटक त्यांनी स्वतः नवीन लिहिलं होतं: वाडी बिल्डरला द्यायला निघालेला एक भाऊ, न देणारा दुसरा आणि दोघांच्या सामाईक विहिरीचं भांडण. जुनं नाटक असतं तर बाबांना अर्धं पाठ असतं. नव्याचं काय करणार? काकांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, मग कपाकडे बघत म्हणाले, "दादा, यंदा तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मधोमध खुर्ची ठेवतो. सत्कार पण करू."

बाबा म्हणाले, "बरं."

काका गेल्यावर ते ओटीवर येऊन बसले. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "पयल्या रांगेत बसून मी काय बघनार? कडेचा लाईटवाला?" मला बाबांची इतकी दया आली आणि काकांचा इतका राग आला की मी उठून आत गेले. काकांची काही चूक नव्हती, हे कळत असून राग आला. त्यांना भावाची फजिती होऊ द्यायची नव्हती, एवढंच. पण ती खुर्ची म्हणजे स्टूल गेलं, हे घरात सगळ्यांना समजलं होतं.

फोन वाचून दाखवतो, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. प्रत्येक फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाची सोय असते. ती चालू केली की बोटाखाली येईल ते फोन बोलून दाखवतो. आम्ही पानं तपासायला ती वापरतो, म्हणजे वापरावी असं मी ओरडून सांगते. मी बाबांच्या फोनमध्ये मराठी आवाज उतरवून घेतला आणि एका कानात इयरफोन घालून दिला. त्यांनी पहिल्याच दिवशी गॅस नोंदवायचं पान उघडलं.

"बटन," ते ऐकलेलं आम्हाला सांगत गेले. "बटन. बटन. नाव नसलेलं बटन. अगं पन कसलं बटन ते सांग ना बाई!"

तेव्हापासून फोनमधला आवाज म्हणजे ‘ती बाई’. बाबा दिवसभर तिच्याबरोबर असायचे. बातम्या, भजनं, मासळीचे भाव, सगळं तिच्याकडून. आई येताजाता टोमणे मारायच्या. "इतकी वर्सं मी बोलते ते कधी ऐकलं नाय. त्या बाईचं बघा कसं मान हलवून ऐकतात." बाबा म्हणायचे, "ती मधे थांबते तरी." हे भांडण मला फार आवडायचं. घरात पुन्हा आवाज सुरू झाला होता.

एक दिवस बाबांनीच विचारलं. विचारलं असं म्हणता येणार नाही, त्यांनी इयरफोन कानातून काढून हातात धरला आणि म्हणाले, "ही बाई नाटक वाचेल काय गं?"

मी लगेच हो म्हटलं. मग काकांच्या मुलाकडून संहितेची फाईल मागवली, तेव्हा कळलं की हो म्हणायची घाई झाली. काकांनी नाटक स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात टाइप करून घेतलं होतं, जुन्या फॉन्टमध्ये. हा खास आपल्याकडचा घोळ आहे. फाईल उघडली की सुंदर मराठी दिसतं, कुठे काना-मात्रा चुकलेला नसतो. पण ते मराठी नसतंच. आतमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना वरून मराठीचा मुखवटा घातलेला असतो. कागदावर छापायचं असेल तर चालून जातं. वाचणाऱ्या यंत्राला मात्र मुखवटा दिसत नाही, आतलंच दिसतं. बाबांनी पहिला संवाद लावला आणि बाई म्हणाली, "ए, डॉलर, तिरकी रेघ, एम, एम."

"शिव्या घालते काय?" बाबांनी विचारलं.

मजकूर बदलून देणारं एक साधन मी चालवून पाहिलं, पण त्याने निम्मे रफार भलत्या डोक्यावर बसवले आणि वेलांट्या उडवल्या. शेवटी ओळ अन् ओळ तपासून पुन्हा लिहिणं आलं. आई छापील प्रत घेऊन बसायच्या आणि मोठ्याने वाचायच्या, मी लॅपटॉपवर दुरुस्त करायचे. दुपारची माझी जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी ऑफिस संपल्यावरचा वेळ त्यातच जायचा. आई आधी सपाट वाचायच्या. मग कधी कोण जाणे, बिल्डरचं बोलणं त्या बिल्डरसारखं वाचायला लागल्या आणि धाकट्या भावाच्या बायकोचं तर असं की मी टाइप करायचं विसरून ऐकत राहायचे. बाबा शेजारून उठायचे नाहीत.

मजकूर शुद्ध झाला, तेव्हा माझं खरं काम सुरू झालं. मी बाबांना विचारलं, विंगेत तुम्हाला काय काय लागतं? ते म्हणाले, प्रवेश पटकन सापडायला पाहिजे, आणि पुढची ओळ एका झटक्यात मिळायला पाहिजे. म्हणजे शीर्षक आणि परिच्छेद. मी प्रत्येक प्रवेशाला शीर्षक केलं, खरंखुरं शीर्षक, आणि प्रत्येक संवादाचा वेगळा परिच्छेद. आता बोट खाली ओढलं की पुढचा प्रवेश आणि उजवीकडे सरकवलं की पुढचा संवाद. जत्रेच्या गर्दीत नेटवर्क मिळत नाही, म्हणून एकदा उघडलेलं पान फोनमध्येच राहील अशी सोय केली. हे बांधताना मी बाबांना आमच्या खुणा समजावत होते: प्रत्येक गोष्टीचं नाव टोकदार कंसात लिहायचं, ते पानावर दिसत नाही, पण ब्राउझरला त्यावरून कळतं की पुढे काय आहे.

"मग हे नाटकासारखंच की," बाबा म्हणाले. "कंसातलं बोलायचं नसतं. पन त्याच्यावरून समजतं कसं बोलायचं ते."

ऑफिसात नव्या मुलांना हेच समजावताना मी घसा कोरडा करते आणि तरी कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मला बाबांची पाठ थोपटावीशी वाटली. सासऱ्यांची पाठ थोपटत नाहीत म्हणून मी त्यांना कोकम सरबत करून दिलं.

पहिल्या वेळी पान लावलं, तर प्रवेशाचा आकडा बघून बाई म्हणाली, "अंक एक, प्रवेश दो." पुढे ‘झाड’ आणि ‘चाफा’ तिने असे काही उच्चारले की आई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बाई चांगली हाय," बाबा म्हणाले, "पन हिंदीवाली कुटून आनलीस?" झालं होतं एवढंच की पानाचा साचा मी ऑफिसच्या एका हिंदी पानावरून उचलला होता. देवनागरी लिपी हिंदीची पण आणि आपली पण, तेव्हा नुसत्या अक्षरांवरून यंत्राला कळत नाही. आपण मराठी आहोत हे पानाला स्वतःहून सांगावं लागतं, अगदी वरती, दोन अक्षरांत. ती दोन अक्षरं बदलली आणि बाई ‘प्रवेश दोन’ म्हणाली. बाबांनी समाधानाने मांडी बदलली.

काका तयार नव्हतेच. पण दादा एक दिवस तालमीला बसू द्या म्हणतात तर नाही कसं म्हणायचं? काकांच्याच अंगणात तालीम होती. बाबा आपल्या कोपऱ्यात, एका कानात बाई, दुसरा कान नटांकडे. माझा नवरा थोरला भाऊ झाला होता. पाठांतराच्या बाबतीत तो रामभरोसेच आहे. दुसऱ्या प्रवेशात तो विसरला, श्वास धरून उभा राहिला, आणि बाबांनी कानात आलं ते लगेच पुढे दिलं:

"कपाळाला हात लावून."

लहानपणापासून बापाने सांगितलं ते बोलायची सवय. नवरा खणखणीत आवाजात म्हणाला, "कपाळाला हात लावून!"

अंगण हसून लोळलं. ती कंसातली सूचना होती. कागदावर कंस दिसतो आणि डोळा आपोआप त्याच्यावरून उडी मारतो. कानाला कंस दिसत नाही. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. काका हसले नाहीत. ते येऊन बाबांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "दादा, घरचे आहेत म्हणून हसले. जत्रेत सगळं गाव असतं." घरी येताना बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो नेहमीपेक्षा जड वाटत होता.

घरी आल्यावर ते म्हणाले, "कंसातलं काढून टाक."

"काढलं तर संहिता अर्धी होईल. काका आणि नटही आता फोनवर तेच पान वाचतात."

"मग त्यांना दिसू दे. बाईला नको दिसू. तसं करता येतं काय?"

करता येतं. एक छोटा शब्द आहे, तो लावला की मजकूर डोळ्यांना दिसतो, पण वाचणारं यंत्र त्याला वगळून पुढे जातं. आणि हा शब्द वापरू नका म्हणून मी ऑफिसात भांडणं केली आहेत. ज्याला दिसत नाही त्याच्यापासून मजकूर लपवायचा, याहून मोठं पाप आमच्या धंद्यात नाही. मी बाबांना हे सगळं तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन ज्याला दिसत नाय तो मीच ना? मी सांगतोय." मी सगळ्या कंसांना तो शब्द लावला.

त्याच आठवड्यात नाटकातली शेजारीण गळाली, लेकीच्या बाळंतपणाला गेली. शेवटच्या प्रवेशात येऊन दोघा भावांना गप्प करणारी ही म्हातारी, काम छोटं पण नाटक तिच्यावर संपतं. काका त्या कामाला कोणी बाई शोधत आमच्याकडे आले, तर आई आत पोळ्या लाटता लाटता तिचेच संवाद म्हणत होत्या. काका दारातच थांबले. आई जन्मात स्टेजवर चढल्या नव्हत्या. नको नको म्हणत त्यांनी संध्याकाळपर्यंत हो म्हटलं.

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. संवाद आईंना पाठच होते, काकांचं भांडण एका अक्षराशी होतं. "वहिनी, म्हणा: विहीर तुझी असेल, विहीर त्याची असेल, पाणी कोणाचं ते सांगा मला. पाणी! ण! रंगमंचावर ण म्हणजे ण." आई मान डोलवायच्या, तीनदा ‘पाणी’ म्हणायच्या आणि चौथ्यांदा ‘पानी’ यायचं. वाडीतून परतताना, केर काढताना, देवापुढे दिवा लावताना त्या ‘पाणी कोणाचं’ घोकत असायच्या. शेवटच्या तालमीपर्यंत ण पक्का बसला. त्या तालमीत बाबाही न चुकता सगळं सांगत होते, कंस वगळून, वेळेवर. दुसऱ्या दिवशी मी देवळासमोरच्या स्टेजवर गेले तेव्हा डाव्या विंगेत स्टूल ठेवलेलं होतं, वर जुनी उशी बांधून. ते पाहून मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

जत्रेच्या संध्याकाळी मी विंगेतच होते, फोनची बॅटरी बघायच्या निमित्ताने. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. फोन मांडीवर, बोट तयार, मान जरा तिरकी, कडेच्या नजरेने स्टेजवरची हालचाल टिपत. पडदा उघडला आणि नाटक सुरू झालं.

आणि कोणी चुकेचना. नवीन नाटकाच्या धास्तीने, की दादांना त्रास नको म्हणून, सगळ्यांनी असं पाठांतर केलं होतं की विचारू नका. माझा नवरासुद्धा! पहिला अंक सरळ गेला, दुसरा सरळ गेला. बाबांचं बोट एकेक संवाद सरकवत होतं, ओठ तयार होत होते आणि पुन्हा मिटत होते. मध्यंतरात कोणीतरी म्हणालं, "दादा, आज तुम्हाला आराम." बाबा हसले. मी ते हसणं जवळून पाहिलं आणि मला गलबलून आलं. नाटक रंगत होतं, याचा आनंद मानायचा सोडून मी मनात म्हणत होते, अरे, कोणीतरी विसरा.

शेवटच्या प्रवेशात आई आल्या. नऊवारी, हातात रिकामी कळशी. समोरून आमच्या आळीने शिट्ट्या मारल्या. आईंनी कळशी खाली ठेवली आणि दोघा भावांकडे बघत म्हणाल्या, "विहीर तुझी असेल. विहीर त्याची असेल."

आणि गप्प झाल्या.

समोर सगळं गाव शांत. काका उजव्या विंगेतून हातवारे करत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बोट हलवलं नाही, मान जराशी वर केली, आणि मग विंगेबाहेर थेट पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पानी कोनाचं ते सांगा मला."

आई विंगेकडे वळल्या नाहीत. सरळ गावाकडे बघत त्या म्हणाल्या, "पानी कोनाचं ते सांगा मला."

ण कुठल्या कुठे गेला होता. पटांगणातून जो टाळ्यांचा कल्लोळ उठला तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही. बायका तर उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या घरातलं बोलणं पहिल्यांदाच स्टेजवर आलं होतं. काकांनी कपाळाला हात लावला, अगदी संहितेतल्यासारखा, पण टाळ्या तेही वाजवत होते. मला रडू आवरेना. बाबांनी इयरफोन काढून गुंडाळून खिशात ठेवला आणि विंगेत येईल त्याला सांगत राहिले, "मी व्हतो म्हनून बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, नेमकी तीच ओळ कशी विसरलात?"

आईंनी आधी ओटीवर कोणी नाही ना ते पाहिलं. "विसरते कशाला? सगळं नाटक पाठ हाय मला. बिल्डरचं पन म्हनून दाखवू?"

"मग?"

"कोनी चुकतच नव्हतं गं. सगळा वेळ ती बाई त्यांच्या कानात बोलते आनि ते बसलेत ऐकत. एवढी मेहनत केलीत तुम्ही दोघांनी. त्यांनी कोनाला सांगायचंच नाय?" आणि मग वालाची साल उडवत म्हणाल्या, "त्यांना बोलू नको हां. खूश हायत."

मी नाही बोलले. दुपारी बाबांनी मला वाडीत विहिरीपाशी हाक मारली. कठड्यावर बसले होते, फोन हातात.

"ते नाटकाचं पान उघड जरा. शेवटचा प्रवेश. तिचं बोलनं."

"काही चुकलंय का?"

"चुकलं नाय. राहिलंय. ‘विहीर त्याची असेल’च्या पुढे कंस घाल. कंसात लिही, थांबते."

मी लॅपटॉप उघडला आणि शक्य तितक्या सहज म्हटलं, "थांबते कशाला? आई विसरल्या होत्या ना?"

"श्वास घेतला तिने," बाबा म्हणाले. "चांगला मोठा. मला विंगेत ऐकू आला."

"मग सांगितलंत कशाला? थांबलेल्याला सांगायचं नसतं ना?"

"ती माझ्यासाठी थांबली होती. मग काय गप्प बसू?"

मी कंस घातला. आत लिहिलं, थांबते. मग सवयीने तो लपवणारा शब्द लावताना माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "पण बाबा, हे ती बाई तुम्हाला कधीच वाचून दाखवणार नाही. कंसातलं तुम्हीच बंद करायला लावलंय."

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "तिला कशाला कळायला पायजे?"